मूल बरं झालंय, मग ही गोळी रोज कशाला?

पत्र:

नमस्कार ताई,

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, एएलएल. सुरुवातीची सगळी केमो झाली, बोनमॅरो (हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं) स्वच्छ आला. आता आठ महिने मेंटेनन्स, म्हणजे आजार उलटू नये म्हणून घरी द्यायची औषधं, चालू आहे. रोज रात्री सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. आता तो पळतो, खेळतो, केसही आलेत. पण रात्री गोळी म्हटलं की रडारड. तोंड घट्ट मिटून बसतो, कधी उलटी काढतो. तीन महिन्यांपूर्वी त्याचे काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) इतके खाली गेले की डॉक्टरांनीच दोन आठवडे औषध बंद ठेवलं. तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली आहे. सासूबाई म्हणतात, चांगल्या पोराला विष का घालतेस. मी कुणाला न सांगता आठवड्यातून दोन, कधी तीन दिवस गोळी देत नाही. ह्यांनाही माहीत नाही. मागच्या तपासणीत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 3,100 आले. मला आनंद झाला, पण डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या वेळी डोस वाढवू. मी गप्प बसले. आता झोप लागत नाही. रोज निम्मी गोळी दिली तर चालेल का? की खरं सांगून टाकू? ते रागावतील, पुढे मुलाकडे नीट बघणार नाहीत असं वाटतं. अजून एक, तो कधीकधी सकाळी घामानं भिजून, अगदी गळून उठतो. आणि धाकटीच्या लसी राहिल्या आहेत, त्या द्यायच्या का?

एक आई

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी एकाला सगळ्यांत जास्त घाई आहे, म्हणून आधी तो घेते. होय, खरं सांगा. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. उद्या सकाळीच डॉक्टरांना किंवा इस्पितळातल्या डे-केअर विभागातल्या नर्सना फोन लावा आणि गेल्या तीन महिन्यांत किती डोस चुकले ते सांगा. नेमका आकडा आठवत नसेल तर 'आठवड्यातून दोन-तीन' एवढं पुरे.

घाई कशासाठी ते सांगते. मेंटेनन्समधला डोस काउंट बघून ठरतो. रिपोर्ट वाचताना डॉक्टर हे धरून चालतात की लिहून दिलेली प्रत्येक गोळी मुलाच्या पोटात गेली आहे. न्यूट्रोफिल 3,100 दिसले की त्यांच्या हिशेबी या मुलाला हा डोस कमी पडतोय, म्हणून वाढवायला हवा. तुमच्या मुलाला डोस कमी पडत होता की नाही हे कुणालाच कळलेलं नाही, कारण तो पूर्ण मिळालेलाच नाही. आता समजा डोस वाढला. एखाद्या आठवड्यात तुम्ही आजारी पडलात आणि त्याच्या बाबांनी सातही दिवस नेमानं गोळी दिली. किंवा त्याला दुसऱ्याच कारणानं वॉर्डात ठेवावं लागलं आणि तिथे चार्टप्रमाणे रोज गोळी मिळाली. ज्या औषधानं त्याचे काउंट एकदा कोसळले होते तेच औषध आता वाढीव मात्रेत, एकही दिवस न चुकता त्याच्या शरीरात जाईल. ज्या गोष्टीच्या भीतीनं तुम्ही गोळी चुकवताय, तीच गोष्ट या गप्प राहण्यामुळे घडू शकते.

डॉक्टर रागावतील का? क्षणभर रागावतीलही. पण मी बालकर्करोग विभागात फार्मासिस्ट म्हणून बरीच वर्षं काम केलंय आणि डोस चुकवणारे आईबाप तिथे कुणालाच नवीन नसतात. झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या बाटल्या देऊन अमेरिकेत याचा अभ्यास झाला आहे. बाटली कधी उघडली हे त्या झाकणात नोंदलं जायचं. पालक सांगत होते त्याहून कमी वेळा ती उघडली गेल्याचं अनेक घरांत आढळलं. त्यातली बहुतेक माणसं प्रेमळ, थकलेली आणि घाबरलेली होती, तुमच्यासारखीच. खरी माहिती मिळाल्यावर डॉक्टरांचं काम सोपं होतं. काउंटचं कोडं सुटतं, नको त्या तपासण्या टळतात आणि डोस वाढवायचा विचार बाजूला ठेवता येतो.

याच अभ्यासातली एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. ज्या मुलांना ठरलेल्या डोसांपैकी 95 टक्क्यांहून कमी डोस मिळाले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका बाकीच्यांच्या साधारण अडीच पट दिसला. 95 टक्के म्हणजे महिन्यात एक, फार तर दोन डोस चुकणं. तुमच्याकडे महिन्याला आठ ते बारा चुकताहेत. हे वाचून पोटात खड्डा पडेल हे मला कळतं. पण तीन महिने असे गेले म्हणून आजार उलटेलच असं मुळीच नाही. मेंटेनन्सचा मोठा काळ अजून पुढे आहे, आणि तो नीट पार पाडणं तुमच्या हातात आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. चांगल्या पोराला विष कशाला? तो खोडून काढण्यासारखा नाही, कारण दिसायला तो बरोबरच आहे. मूल पळतंय, बोनमॅरोत काही दिसत नाही, मग औषध कशावर काम करतंय?

निदान होतं तेव्हा अशा मुलाच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी एक लाख कोटींच्या घरात असू शकतात. सुरुवातीच्या केमोनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बोनमॅरो स्वच्छ दिसला तरी हजारएक कोटी पेशी उरलेल्या असू शकतात, कारण सूक्ष्मदर्शकाची नजर तिथेच थकते. म्हणून हल्ली अशा उरलेल्या पेशी शोधणारी एमआरडी ही तपासणी करतात. ती साधारण दहा हजारांत एक पेशी पकडते. ती निगेटिव्ह आली तरी हिशेबानं दहा कोटींपर्यंत पेशी त्या तपासणीच्या नजरेखालून निसटू शकतात. त्यातल्या काही पेशी बराच काळ विभाजन न करता पडून राहतात. सुरुवातीची जोरदार औषधं मुख्यतः विभाजन पावणाऱ्या पेशींना मारतात, त्यामुळे या वाचतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षानं जाग्या होतात. त्या जाग्या होतील त्या दिवशी औषध रक्तात हवं. तो दिवस कोणता हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून गोळी रोज.

सिक्स-एमपी, म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, नेमकं काय करतं तेही सांगते, कारण 'विष' हा शब्द त्याला फार ढोबळ आहे. पेशी दुभंगायच्या आधी आपल्या डीएनएची नक्कल करते आणि त्यासाठी तिला प्युरिन नावाचे घटक लागतात. सिक्स-एमपी हा दिसायला तसाच, पण एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलेला नकली घटक आहे. पेशी तो उचलते, स्वतःच त्याचं रूप बदलते आणि डीएनएत गुंफते. पुढच्या नकलेच्या वेळी तिची दुरुस्ती यंत्रणा तिथे अडखळते आणि शेवटी पेशी स्वतःला संपवते. ही प्रक्रिया सावकाश चालते. औषधाची कामाची रूपं पेशींत जमायला काही आठवडे लागतात. म्हणून एखादा डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही, आणि दर आठवड्याला दोन-तीन चुकले तर ती पातळी कधी जमतच नाही.

गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी हे औषध 1951 मध्ये अमेरिकेत बनवलं. एलियन पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा कर्करोगानं गेले आणि त्यानंतर त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. 1953 मध्ये औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी हा आजार झालेली मुलं निदानानंतर जेमतेम काही महिने जगत. नव्या औषधानं ती उठून बसायला लागली, घरी गेली, रक्त स्वच्छ दिसायला लागलं. आणि मग बहुतेकांचा आजार उलटला. त्या काळातल्या डॉक्टरांना आणि आयांना वाटलेली आशा आणि नंतर आलेली निराशा मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा गलबलून येतं. दिसायला बरं झालेलं मूल बरं झालेलं नसतं, हे तिथेच कळलं. पुढे औषधं एकत्र देणं, मेंदूत लपलेल्या कर्करोगाच्या पेशींवर वेगळा उपचार करणं आणि दोन-तीन वर्षं उपचार चालू ठेवणं या गोष्टी जुळून आल्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांच्या उपचारपद्धतीनं निम्मी मुलं दीर्घकाळ बरी राहिली. आज जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. एलियन आणि हिचिंग्ज यांना 1988 चं नोबेल मिळालं. सत्तर वर्षं झाली तरी मेंटेनन्समधून हे औषध हटलेलं नाही.

मेंटेनन्स लवकर संपवून बघण्याचा प्रयत्नही झाला आहे. जपानमध्ये एका चाचणीत निदानापासून वर्षभरातच सगळे उपचार थांबवले. आजार उलटणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. या कर्करोगाच्या काही ठरावीक प्रकारांत तेवढ्या उपचारानंही बऱ्यापैकी भागलं, पण कुठला मुलगा त्यात मोडतो हे घरी बसून ठरवता येत नाही. सासूबाईंना हे सगळं सांगायची तुमच्यावर जबाबदारी नाही. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. जे आईच्या तोंडून ऐकल्यावर वाद होतो ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर पटतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता काउंटबद्दल. तुम्हाला 3,100 बघून आनंद झाला, आणि इथे तुमचा फार मोठा गैरसमज झालाय, बहुधा कुणी नीट समजावून न सांगितल्यामुळे. मेंटेनन्समध्ये काउंट थोडे दबलेलेच हवे असतात. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये न्यूट्रोफिल 500 ते 1,500 च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. त्या दबलेल्या काउंटवरूनच कळतं की औषध बोनमॅरोपर्यंत पोहोचतंय. 500 च्या खाली गेले, किंवा प्लेटलेट फार उतरल्या, की औषध थांबवतात, काउंट सावरले की पुन्हा चालू करतात. तीन महिन्यांपूर्वी तेच झालं. ती ठरलेल्या पद्धतीनं केलेली दुरुस्ती होती. त्या दोन आठवड्यांत औषधानं मुलाचं काही बिघडवलं आणि डॉक्टरांनी घाबरून हात काढून घेतला, असं मनात धरून बसू नका.

निम्म्या गोळीबद्दल विचारलंत. कमी डोस पुरणारी मुलं खरोखर असतात. शरीरात हे औषध निकामी करणारी टीपीएमटी आणि एनयूडीटी15 नावाची एन्झाइम्स असतात आणि ती किती जोमानं काम करतील हे जनुकांवर ठरतं. टीपीएमटी अजिबात काम न करणारा माणूस युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तीनशेत एक सापडतो. एनयूडीटी15 मधला बदल आशियाई लोकांत जास्त आढळतो. आई आणि बाबा दोघांकडून हा दोष आलेल्या मुलाला नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास औषध पुरतं, आणि पूर्ण डोस दिला तर जिवावर बेततं. तुमच्या मुलाचे काउंट एकदा खूप पडले, तेव्हा ही तपासणी झाली आहे का, हे उद्याच्या फोनवर जरूर विचारा. दोष निघाला तर डॉक्टर स्वतःच डोस उतरवतील, आणि तो कमी डोस त्याच्यासाठी पूर्ण डोस असेल. पण तपासणीशिवाय, अंदाजानं निम्मी गोळी देऊ नका. दोष नसेल तर निम्मा डोस म्हणजे निम्माच उपचार.

रात्रीची रडारड. इथे तुम्हाला थोडं हलकं वाटेल असं काही माझ्याकडे आहे. पूर्वी सांगायचे की ही गोळी रात्री, उपाशीपोटी आणि दुधाशिवायच द्यायची, कारण दुधात हे औषध मोडणारं एक एन्झाइम असतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की अन्नासोबत, दुधासोबत किंवा दिवसाच्या वेगळ्या वेळी गोळी घेतल्यानं आजार उलटण्याच्या धोक्यात फरक पडला नाही. फरक पडतो तो डोस चुकण्यानं. म्हणजे झोपेला आलेल्या, चिडलेल्या मुलाशी रात्री झुंजायची सक्ती नाही. डॉक्टरांना विचारून अशी वेळ ठरवा की जेव्हा तो आणि तुम्ही दोघंही थोडे शांत असता, आणि मग ती वेळ सोडू नका. त्याच्या आवडीच्या घासासोबत द्यायला हरकत नाही का, तेही विचारून घ्या. या औषधाचं पातळ स्वरूपही निघालेलं आहे. तुमच्याकडे मिळत असेल तर गोळी न गिळणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. गोळी मात्र घरी कुटू नका. तिची भुकटी श्वासात किंवा हाताला लागणं चांगलं नाही. गोळी मोडावी लागत असेल तर हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम देऊ नका.

त्याला एवढंच निवडू द्या की कुठे बसून घ्यायची, कशासोबत घ्यायची, आधी पाणी की नंतर. घ्यायची की नाही हे निवडायला देऊ नका. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक चांगला कळतो. गोळीला खाऊ म्हणू नका, धाकटी ऐकते आहे. महिन्यातले काही दिवस त्याला स्टेरॉइड मिळत असेल तर त्या दिवसांत तो जास्त चिडका होणारच. तेव्हा वाद कमी घाला, जवळ जास्त घ्या.

उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी देऊ नका, फोन करून विचारा. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. चुकलेला दिवस कॅलेंडरवर लिहा आणि तेच कॅलेंडर तपासणीला न्या. डब्यावर एकदा डोळसपणे नजर टाका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं. ते चुकून रोज दिलं गेल्यानं जीव गेलेले आहेत, म्हणून दोन्ही औषधं वेगळ्या डब्यांत ठेवा आणि मेथोट्रेक्सेटचा वार डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी काही नवं औषध दिलं तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. यूरिक ॲसिडसाठी देतात ते ॲलोप्युरिनॉल सिक्स-एमपीसोबत आलं तर सिक्स-एमपी शरीरात साचतं. दोन्ही द्यायचीच वेळ आली तर सिक्स-एमपी तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणावं लागतं.

सकाळचा घाम आणि गळून जाणं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज म्हणून लिहिलंय. मला ते सहज वाटत नाही. सिक्स-एमपी घेणाऱ्या लहान मुलांत रात्रभराच्या उपाशीपोटी साखर उतरते, हे माहीत असलेलं आहे. उद्याच्या फोनवर हेही सांगा. सकाळी उठल्याउठल्या साखर तपासून बघतील, आणि कित्येकदा गोळीची वेळ बदलून किंवा झोपण्यापूर्वी काही खायला देऊन प्रश्न सुटतो. असं पुन्हा झालं आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच काहीतरी गोड द्या. हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट इस्पितळ गाठा. घामासोबत ताप असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 38.3 अंश सेल्सिअस एकदा, किंवा 38 अंश तासभर टिकून, म्हणजे फॅरनहाइटमध्ये 101 आणि 100.4, एवढा ताप दिसला की रात्र असो की दिवस, इस्पितळात जायचं. सकाळपर्यंत बघू असं म्हणू नका, आणि आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. काउंट कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत वाढतो.

त्याच्या बाबांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगा. फोन करण्यापूर्वी सांगितलंत तर उत्तम. एवढी भीती एकट्यानं वागवत तुम्ही तीन महिने काढलेत. गोळी द्यायचं काम दोघांनी वाटून घेतलं की रोजची झुंज निम्मी होते. रात्री एकमेकांना 'दिली का?' एवढं विचारलं तरी चुकणारे बरेचसे डोस थांबतात.

आता धाकटी. तिच्या लसी थांबवू नका. तिला गोवर किंवा कांजिण्या झाल्या तर सगळ्यांत मोठा धोका तिच्या दादाला आहे. गोवर, गालगुंड, रुबेलाची लस तिला देता येते, कांजिण्यांचीही. कांजिण्यांच्या लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. पोलिओसाठी मात्र तोंडातून द्यायचे थेंब नकोत, इंजेक्शनची लस द्या, कारण थेंबांतला जिवंत विषाणू शौचावाटे घरात पसरतो. त्याला स्वतःला सध्या कुठलीही जिवंत लस चालणार नाही. आणि शाळेत किंवा खेळताना तो कांजिण्या झालेल्या मुलाजवळ आला असं कळलं तर अंगावर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. संपर्कानंतर पहिल्या चार दिवसांत दिलेल्या संरक्षक इंजेक्शनचा उपयोग सगळ्यांत चांगला होतो.